पांडुरंगमाहात्म्यें व पंढरीचा उत्सवक्रम : पुराव्याचें परीक्षण

पंढरपूरच्या देवस्थानावर आजवर जे लहानमोठे ग्रंथ आणि लेख झाले त्यांतील बहुतेकांचा आरंभ एकाच रीतीनें होतो. प्रथम पुंडलिकाची मातृपितृसेवा, मग वीट, मग कटीवर कर ठेवून उभा राहिलेला देव, आणि तेथून एका दमांत आषाढी-कार्तिकीची यात्रा. मधल्या शतकांचा हिशेब कोणी मागत नाहीं व कोणी देत नाहीं. ‘हा उत्सव अनादि आहे’ एवढ्या वाक्यावर सर्व भागतें. भाविकांच्या दृष्टीनें तें योग्यच आहे, आणि त्यांच्या श्रद्धेशीं आमचा कांहीं तंटा नाहीं. परंतु तेंच वाक्य जेव्हां इतिहास म्हणून पुढें येतें आणि त्याच्या पुष्ट्यर्थ माहात्म्याच्या पोथींतील अध्याय दाखविला जातो, तेव्हां तो आधार किती वजन पेलतो हें तपासणें अभ्यासकास प्राप्त होतें. तेवढेंच काम येथें योजिलें आहे.

पांडुरंगमाहात्म्य या नांवाचा ग्रंथ एक नव्हे. स्कंदपुराणांतर्गत म्हणून एक आहे, पद्मपुराणांतर्गत म्हणून दुसरें आहे. मराठींत श्रीधरानें तें ओवीबद्ध केलें आणि घरोघर पोंचविलें. सोळाव्या शतकांत तेनालि रामकृष्णानें तेलुगूंत ‘पांडुरंगमाहात्म्यमु’ रचिलें. त्यांतील निगमशर्म्याचें आख्यान आंध्रांत आजहि आवडीनें वाचलें जातें. एवढ्यावरून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते : सोळाव्या शतकांत या क्षेत्राची कीर्ति कृष्णेच्या पलीकडे दूरवर गेली होती. परंतु ‘पुराणांतर्गत’ हा शिक्का पाहून ग्रंथाचें वय ठरविणें धोक्याचें आहे. स्कंदपुराण हें एखाद्या जुन्या वाड्यासारखें आहे. ज्याच्या घरीं कार्य निघालें त्यानें त्यास एक सोपा नवा जोडला. कोणत्या क्षेत्राचा सोपा केव्हां जोडला गेला हें वाड्याच्या नांवावरून कळत नाहीं, तें त्या सोप्याच्या विटा तपासूनच कळावयाचें. माहात्म्य हा साक्षीदार खोटा असतो असें आमचें म्हणणें नाहीं. तो ज्या काळीं लिहिला गेला त्या काळाचा तो चांगला साक्षीदार असतो. ज्या काळाबद्दल तो बोलतो त्या काळाचा मात्र तो साक्षीदार नसतो, कारण तेव्हां तो जन्मलाच नव्हता.

उलट बाजूस दगड आणि तांबें काय बोलतें तें पाहूं. या विषयीं मूळ परिश्रम कै. ग. ह. खरे यांचे आहेत, पुढें कै. शं. गो. तुळपुळे यांनीं प्राचीन मराठी कोरीव लेखांच्या संग्रहांत त्या लेखांचा परामर्श घेतला. देवळाशीं निश्चित संबंध असलेल्या लेखांत शके ११११ (इ. स. ११८९) चा लेख अगदीं जुन्यांपैकीं होय. तो यादव भिल्लमाच्या काळचा आहे आणि त्यांतील ‘लानमडू’ या शब्दाचा अर्थ लहान देऊळ असा लावण्यांत आला आहे. आज सोळखांबी, चौखांबी, नामदेव पायरी, महाद्वार असा जो विस्तार डोळ्यांपुढें उभा राहतो, तो बाजूस सारून त्या काळचें चित्र मनांत आणावयाचें तर भीमेच्या उंच कांठावर एक लहानसें देऊळ, एवढेंच आणावें लागेल.

यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनीं, शके ११५९ (इ. स. १२३७) मध्यें, होयसळ राजा सोमेश्वर याचा लेख येतो. तो देवळांतील सोळखांबींत एका तुळईवर संस्कृत व कानडी भाषांत कोरलेला आहे. भीमरथीच्या तीरीं ‘पंडरगे’ नामक महाग्रामीं राजाचा मुक्काम असतां त्यानें विठ्ठलदेवाच्या अंगभोग व रंगभोग यांकरितां हिरियगरंज हें गांव दिलें, असा त्याचा आशय. अंगभोग म्हणजे देवाच्या अंगास लागणारें : स्नान, गंध, वस्त्र, नैवेद्य. रंगभोग म्हणजे देवापुढें होणारें : नृत्य, गीत, वाद्य. दक्षिणेंतील शेंकडों दानलेखांत हा जोडशब्द आढळतो, त्यामुळें वाचक तो ओलांडून पुढें जातात. आमच्या मतें पंढरीच्या उत्सवाच्या इतिहासाचा खरा आरंभ या दोन शब्दांपासून करावा. उत्सवास पैसा लागतो, पैशास गांव लागतें, आणि गांव कोणी, केव्हां व कशासाठीं दिलें तें येथें दगडावर लिहिलें आहे. कोणत्याहि माहात्म्यांत हें मिळत नाहीं.

याच लेखांत पुंडरीक मुनीचें नांव आहे, हेंहि तितकेंच महत्त्वाचें. माहात्म्यांस सरसकट कल्पित ठरविणाऱ्यांनीं येथें थांबावयास हवें. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत हा देव आणि पुंडरीक यांची जोडी राजाच्या लेखनिकासहि ठाऊक होती. मात्र ‘मुनि’ या पदावरून आईबापांचे पाय चुरणारा, देवाकडे वीट फेंकणारा पुंडलिक सिद्ध होत नाहीं. नांव सिद्ध झालें कीं कथा सिद्ध झाली, असें मानण्याची खोड आपल्याकडे फार आहे. नांव आधीं असतें; कथा त्याभोंवतीं हळूहळू वस्त्रासारखी गुंडाळली जाते. त्या वस्त्राचा कोणता पदर केव्हांचा, हें शोधणें हेंच तर पोथ्या जमविणारांचें काम.

शके ११७१ (इ. स. १२४९) च्या एका ताम्रपटांत, यादव कृष्णाचा अधिकारी मल्लिसेट्टि यानें भीमरथीच्या कांठीं पौंडरीक क्षेत्रीं विष्णूच्या सन्निध बेळगांवकडील एक गांव दान दिल्याचा उल्लेख आहे. शके ११९२ (इ. स. १२७०) चा लेख त्याहून कुतूहलाचा आहे. भानूचा पुत्र केशव यानें पांडुरंगपुरीं आप्तोर्याम नामक सोमयाग केला व त्यानें विठ्ठल व इतर देव तृप्त झाले, असें तो सांगतो. हे दोन्ही लेख डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १९१३ सालच्या आपल्या ग्रंथांत वापरले, म्हणजे ते शंभराहून अधिक वर्षें अभ्यासकांपुढें आहेत. तरीहि पंढरीच्या उत्सवांचें वर्णन करणाऱ्या आमच्या पाहण्यांतील लोकप्रिय पुस्तकांत या सोमयागाचा पत्ता नाहीं. टाळमृदंगाच्या पंढरींत सोमयागाचें काय काम, असें लेखकांस वाटलें असावें. पण इतिहास हा आपल्या आजच्या आवडीस विचारून घडलेला नसतो. नामदेवाच्या जन्माचें जें परंपरागत वर्ष तेंच हें वर्ष. त्या वर्षीं त्या वाळवंटाच्या परिसरांत श्रौत अग्नि पेटले होते, आणि त्यांचा हविर्भाग ज्यास पोंचला असें लेख म्हणतो तो विठ्ठलच होता.

आतां चौऱ्यांशीच्या लेखाकडे येऊं. शके ११९५ ते ११९९ (इ. स. १२७३ ते १२७७) या चार-पांच वर्षांत देवस्थानास ज्यांनीं द्रव्य दिलें त्यांचीं नांवें व दिलेल्या रकमा या शिळेवर आहेत. यादव राजा रामचंद्र व त्याचा करणाधिप हेमाद्रि यांचीं नांवें तींत येतात, म्हणून शाळेंतील मुलांसहि हा लेख ऐकून माहीत असतो. आमच्या दृष्टीनें राजाच्या व मंत्र्याच्या नांवापेक्षां त्यांच्या खालीं व आजूबाजूस असलेलीं सामान्य नांवें अधिक मोलाचीं आहेत. राजानें गांव देणें ही एका दिवसाची गोष्ट. पण निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळ्या वर्षीं येऊन आपापल्या ऐपतीप्रमाणें द्रव्य देणें, आणि तें क्रमाक्रमानें दगडावर नोंदविलें जाणें, हें चालू देवस्थानाचें व नियमानें येणाऱ्या यात्रेकरूंचें लक्षण आहे. वारी या शब्दाची व्युत्पत्ति लावीत बसण्यापेक्षां ही यादी वाचणें अधिक फलदायी होईल.

आणि याच शिळेचें काय झालें? तिला ‘चौऱ्यांशी’ नांव पडलें, आणि तिला पाठ घासली असतां चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत रूढ झाली. पिढ्यानुपिढ्या यात्रेकरूंनीं आपल्या पाठीनें तींतील अक्षरें झिजविलीं. ज्या पूर्वजांनीं देवास द्रव्य दिलें, त्यांचीं नांवें त्याच देवाच्या भक्तांनीं मोक्षाच्या आशेनें पुसलीं. हें लिहितांना आम्हांस हंसावें कीं खेद करावा तें कळत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, त्या समजुतीमुळेंच ती शिळा कोणी पायरीस किंवा जोत्यास वापरली नाहीं. ज्या श्रद्धेनें अक्षरें झिजलीं तिनेंच दगड वांचविला.

कोरीव पुराव्याचाहि अतिरेक होतो. सहाव्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या राष्ट्रकूट अविधेयाच्या ताम्रपटांत ‘पांडरंगपल्लि’ हें ग्रामनाम आलें आहे व दान घेणाऱ्या ब्राह्मणाचें नांव ‘जयद्विट्ठ’ असें वाचलें गेलें आहे. तेवढ्यावरून त्या काळीं पंढरपुरीं विठ्ठलाची उपासना होती असें विधान करणारे लेख निघाले. गांवाच्या नांवांतील साम्य विचारार्ह आहे, तें आम्ही टाकीत नाहीं. पण त्या पटांत देव नाहीं, देऊळ नाहीं, पूजेचें दान नाहीं. व्यक्तिनामाच्या शेपटावरून देवाचा इतिहास सातशें वर्षें मागें ओढणें म्हणजे माहात्म्यकाराचीच रीत ताम्रपटाच्या नांवानें चालविणें होय. पुराव्याचें द्रव्य बदललें म्हणून तर्काचा दोष नाहींसा होत नाहीं.

माहात्म्याचा पुरावा म्हणून उपयोग करण्याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण कै. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथांत आहे. साहित्य अकादमीनें १९८७ सालीं गौरविलेला हा ग्रंथ मराठींतील दैवतविषयक संशोधनाचा मोठा टप्पा आहे, यांत शंका नाहीं. गवळी-धनगरांच्या वीरदैवतापासून विष्णूच्या स्वरूपापर्यंत विठ्ठलाचा प्रवास त्यांनीं ज्या विपुल सामग्रीनें मांडला तिच्यापुढें कोणीहि नम्र व्हावें. परंतु त्यांचा एक सिद्धांत असा कीं, स्कंदपुराणीय माहात्म्यांत मूर्तीच्या वक्षःस्थळावर मंत्राक्षरें असल्याचें म्हटलें आहे. पंढरपूरच्या विद्यमान मूर्तीवर तीं नाहींत. माढें येथील विठ्ठलमूर्तीवर अक्षरें आहेत. सबब आद्य मूर्ति माढ्याची असावी. इ. स. १६५९ मध्यें अफझलखानाच्या स्वारीच्या वेळीं पंढरीची मूर्ति माढ्यास नेली होती, या परंपरेची जोड त्यांनीं त्यास दिली.

या सिद्धांतावर त्या काळीं पुष्कळ वादळ उठलें आणि त्यांतील बहुतेक भाग श्रद्धेच्या बाजूनें होता. आमचा आक्षेप श्रद्धेचा नाहीं, पुराव्याचा आहे. माहात्म्यकार मूर्तीचें वर्णन करतो तें डोळ्यांनीं पाहून कीं ध्यान म्हणून, हा पहिला प्रश्न. ध्यानश्लोकांत मंत्र देवाच्या हृदयीं असणें हा उपासनेचा संकेत आहे. तो शिल्पकाराचा जमाखर्च नव्हे. दुसरा प्रश्न पाठाचा. तो श्लोक त्या माहात्म्याच्या किती प्रतींत, कोणत्या रूपांत आहे, व त्यांतील जुन्यांत जुनी प्रत कोणत्या शकाची, याचा निर्णय झाल्याशिवाय त्याच्या जोरावर एका मूर्तीस आद्य व दुसरीस मागाहूनची म्हणणें घाईचें आहे. तिसरा प्रश्न उलट दिशेचा : मूर्तीवरील अक्षरें पाहून पोथी लिहिली गेली, कीं पोथी पाहून मूर्तीवर अक्षरें कोरलीं गेलीं? दुसरा मार्गहि अशक्य नाहीं, आणि ग्रंथांत त्याचें पुरेसें निराकरण झालेलें आम्हांस दिसलें नाहीं. ढेरे यांनीं लोकपरंपरेची जी चिकित्सा सर्वत्र केली ती या एका ठिकाणीं संस्कृत पोथीस लावली नाहीं, असें नम्रपणें म्हणावेंसें वाटतें.

मूर्ति हलविल्याच्या कथांबद्दलहि हीच सावधगिरी हवी. विजयनगरच्या कृष्णरायानें मूर्ति नेली व एकनाथांचे पणजे भानुदास यांनीं ती परत आणिली, ही कथा आपण मुख्यतः महीपतीच्या मुखानें ऐकतों. महीपतीचा ‘भक्तविजय’ शके १६८४ (इ. स. १७६२) चा, म्हणजे प्रसंगानंतर सुमारें अडीचशें वर्षांचा. हंपी येथील विठ्ठलमंदिर, त्यावरील कृष्णरायाचे १५१३ व त्यापुढील दानलेख हीं सत्यें आहेत. पंढरीची मूर्ति तेथें गेली होती हें त्या लेखांवरून निघत नाहीं. याउलट सतराव्या शतकाचा प्रसंग निराळा आहे. औरंगजेबाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरीस होती. पंढरपुराहून तें ठिकाण फार दूर नाहीं. त्या काळांत मूर्ति देगांवीं पाटलाच्या आश्रयास ठेविली होती, ही परंपरा काल आणि स्थल यांशीं जुळते. दोन्ही कथा भाविकांस सारख्याच प्रिय आहेत, परंतु इतिहासाच्या तराजूंत त्यांचें वजन सारखें नाहीं.

आतां उत्सवक्रम. येथें माहात्म्य आणि प्रत्यक्ष आचार यांतील अंतर जितकें स्पष्ट दिसतें तितकें अन्यत्र क्वचित् दिसेल. आषाढ शुद्ध एकादशी ही पुराणाप्रमाणें शयनी एकादशी : त्या दिवशीं विष्णु शेषावर निजतो तो कार्तिकांत प्रबोधिनीस उठतो. देशांतील इतर विष्णुक्षेत्रीं त्या दिवशीं देवास निजविण्याचा विधि होतो. पंढरीस काय होतें? यात्रेच्या आधींच देवाचा पलंग काढतात. शेजारती बंद, नित्याचे राजोपचार बंद. देवाच्या पाठीशीं लोड देतात, आणि तो रात्रंदिवस दर्शनास उभा. पुराणांत जो दिवस देवाच्या निद्रेचा, तो पंढरींत देवाच्या जागरणाचा! यात्रा उलगडल्यावर प्रक्षाळपूजा होते. त्या दिवशीं देवाच्या अंगास लिंबू-साखर लावून ऊन पाण्यानें स्नान घालतात, रात्रीं शिणवटा जाण्याकरितां काढ्याचा नैवेद्य दाखवितात, आणि पलंग पुन्हां येतो. कार्तिकींतहि हाच क्रम.

हा आचार कोणत्या पुराणांतून आला? आमच्या समजुतीप्रमाणें कोणत्याहि पुराणांतून नाहीं. तो गर्दींतून आला. दाराशीं इतकीं माणसें उभीं राहिलीं कीं देवास निजविणें शक्य झालें नाहीं, आणि मग त्या अशक्यतेचाच विधि झाला. हा आमचा तर्क आहे, सिद्धांत नव्हे, आणि कागदांनीं तो खोडला तर आम्ही आनंदानें मागें घेऊं. परंतु प्रत्येक विधीचें मूळ पोथींतच शोधण्याचा जो हट्ट आहे त्यास या एका उदाहरणानें तरी धक्का बसावा. मार्गशीर्षांत देव विष्णुपदास राहावयास जातो, वसंतपंचमीपासून रंगपंचमीपर्यंत त्यास पांढरा पोशाख व गुलाल असतो, पाडव्यापासून मृग लागेपर्यंत चंदनाची उटी लागते. हे सर्व आचार ऋतूंशीं व माणसाच्या सुखदुःखाशीं इतके बांधलेले आहेत कीं त्यांस शास्त्राधार विचारणें म्हणजे आईस स्वयंपाकाचा आधार विचारण्यासारखें आहे.

पालखीचेंहि असेंच. वारी जुनी आहे. पालखी तितकी जुनी नाहीं. या दोहोंची गल्लत जाणते लेखकहि करतात. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनीं ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखींत घालून नेण्याचा प्रघात इ. स. १६८५ च्या सुमारास पाडला. आळंदीहून ज्ञानदेवांची पालखी स्वतंत्र निघूं लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, हैबतबाबा आरफळकर यांच्या खटपटीनें व अंकलीच्या शितोळे सरदारांच्या आश्रयानें. शिस्तीच्या दिंड्या, अश्व, तंबू, ठरलेले मुक्काम हें सर्व पाहतांना त्यामागें सरदारी लवाजम्याची वहिवाट आहे हें डोळसास सहज दिसतें. यामुळें पालखीचें महत्त्व कमी होतें असें नाहीं. कोण्या एका माणसानें ठरविलें, दुसऱ्यानें खर्च सोसला, आणि लाखोंनीं तें आपलें केलें, ही गोष्ट ‘अनादि’ म्हणण्यापेक्षां आम्हांस तरी अधिक आदराची वाटते.

उत्सवाच्या अंतर्गत व्यवस्थेसंबंधीं १८८४ च्या सोलापूर जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरमध्यें जी माहिती आहे ती आजहि वाचण्यासारखी आहे. बडवे यांच्याकडे देवळाचा कारभार. त्यांच्याखेरीज सात सेवाधारी : पुजारी पूजा करणारे, बेणारी मंत्र म्हणणारे, परिचारक पाणी व आरती आणणारे, हरिदास पदें गाणारे, डिंगरे आरसा दाखविणारे व पायघडी घालणारे, दिवटे मशाल धरणारे, डांगे चांदीची काठी घेऊन उभे राहणारे. रुक्मिणीच्या देवळीं उत्पात. अंगभोग व रंगभोग हे तेराव्या शतकांतले दोन शब्द एकोणिसाव्या शतकांत कसे घराघरांत वांटले गेले होते, तें या यादींत दिसतें. पुढें या घराण्यांत हक्कांबद्दल तंटे लागले व ते न्यायासनापर्यंत गेले. भाविक लोक त्या तंट्यांबद्दल खेद करतात. इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र प्रत्येक तंट्याबद्दल मनांतून आभारच मानावे, कारण भांडण झाल्याशिवाय वहिवाट कोणी लिहून ठेवीत नाहीं. कोणत्या दिवशीं कोणाचा मान, नैवेद्याचें ताट कोणाचें, ओवाळणी कोणाची, हें सर्व साक्षीपुराव्यांत उतरतें.

राजकारणाच्या कागदांतहि उत्सव डोकावतो, तो असाच आडवाटेनें. १८१५ च्या आषाढी यात्रेस दुसरा बाजीराव पंढरपुरीं होता. त्या मुक्कामांत, २० जुलै रोजीं, देवदर्शन करून परतणाऱ्या गायकवाडांच्या वकिलाचा, गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा, रस्त्यांत खून झाला. या खुनाबद्दल इंग्रजांनीं जी चौकशी केली ती राज्य बुडविण्याच्या कामीं आली, म्हणून इतिहासकारांनीं ती बारकाईनें वाचली. पण त्या रात्रीं देवळाकडे जाणारा रस्ता कसा होता, गर्दी किती होती, कोण कोणाबरोबर दर्शनास गेलें, या दृष्टीनें ते कागद वाचावयास हवेत. खुनाच्या चौकशींत यात्रेचें वर्णन सांपडावें हें विपरीत खरें, पण पुरावा हा जेथें असतो तेथें शोधावा लागतो.

येथवर लिहिल्यावर संग्राहकांपुढें एक गाऱ्हाणें ठेवणें भाग आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका गृहस्थांच्या संग्रहांत पांडुरंगमाहात्म्याची एक सुबक पोथी पाहावयास मिळाली. अक्षर वळणदार, हरताळानें शोधलेलें, समास लाल रेघांचे. वेष्टन सोडतांना आंत पुठ्ठ्याऐवजीं घातलेला एक जुना कागद हातीं आला. त्यावर मोडींत खर्चाची याद होती : लिंबें, साखर, सुंठ, ऊद, तेल, दिवट्याचें वस्त्र. याद कोणत्या देवळाची, कोणत्या सालची? वरचा भाग, जेथें सन, चंद्र आणि नांव असावयाचें, तो पोथीच्या मापास बसावा म्हणून कातरीनें कापून टाकला होता. गृहस्थांनीं मोठ्या आनंदानें सांगितलें कीं असे कागद त्यांच्याकडे पोतेंभर होते, पोथ्या लावतांना कामीं आले, उरलेले वाळवी लागली म्हणून बंबांत गेले. पोथी त्यांनीं रेशमी रुमालांत पुन्हां बांधली. श्रीधराच्या त्या ग्रंथाच्या प्रति महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आहेत आणि तो छापलेलाहि आहे. कापलेल्या कागदाची दुसरी प्रत कोठेंहि नाहीं.

हें गाऱ्हाणें आजच तातडीचें होण्यास कारण आहे. १९४७ सालीं साने गुरुजींच्या उपोषणानंतर हरिजनांस देवळाचें दार उघडलें. १९७३ सालीं पंढरपूरच्या मंदिरांसंबंधींचा कायदा झाला. त्यावरील दीर्घ दाव्याचा शेवट २०१४ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयांत झाला, आणि बडवे, उत्पात व सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क संपले. हक्क होते तोंवर त्यांचे कागदहि घरांत जपले जात होते, कारण त्यांवर पोट होतें व मान होता. हक्क गेल्यावर त्या कागदांस घरांत कोणतें काम उरलें? धाकट्या पिढीस मोडी येत नाहीं. जुना वाडा पाडून नवें घर बांधतांना माळ्यावरचीं गांठोडीं खालीं येतात, आणि खालीं आलेलें गांठोडें बहुधा पुन्हां वर जात नाहीं. त्या निकालाच्या न्यायान्यायाविषयीं येथें कांहीं म्हणावयाचें नाहीं. पण त्यानंतरचीं हीं वर्षें कागदांच्या दृष्टीनें अत्यंत नाजूक आहेत, हें ओळखलें पाहिजे.

देवळाच्या इमारतीकडे लक्ष पुरविलें जात आहे, ही समाधानाची गोष्ट. २०२४ सालीं संवर्धनाच्या कामांत गाभाऱ्याचें चांदीचें आवरण उतरवून मूळ दगड मोकळा करण्यांत आला, आणि मे महिन्याच्या अखेरीस देवळांत फरशीखालीं एक तळघर उघडें होऊन त्यांत कांहीं मूर्ति मिळाल्या. वर्तमानपत्रांनीं लागलीच त्यांस परचक्राच्या काळाशीं जोडलें. त्या मूर्ति केव्हां व कोणीं ठेविल्या हें त्यांच्या शैलीवरून आणि त्याबरोबर निघालेल्या इतर वस्तूंवरून ठरावयाचें आहे. परंतु जर एखाद्या घरच्या गांठोड्यांत ‘देव तळघरांत ठेविले’ अशी एक ओळ मोडींत असेल, तर ती ओळ आणि तळघर एकमेकांस भेटल्याशिवाय निर्णय पुरा होणार नाहीं.

तेव्हां ज्यांच्याकडे पांडुरंगमाहात्म्याच्या पोथ्या आहेत त्यांनीं पुष्पिकेंतील शक, संवत्सर, लेखकाचें नांव व गांव यांची नक्कल करून ठेवावी. स्कंदपुराणीय प्रत असल्यास मूर्तीच्या वर्णनाचे श्लोक जसेच्या तसे, अशुद्धांसह, उतरून घ्यावे. पोथीचें वेष्टन, पुठ्ठा व त्यांतील चिठ्ठ्या कापूं नयेत, चिकटवूं नयेत, आणि पोथीपासून वेगळ्या केल्यास कोणत्या पोथींतून निघाल्या तें पाठीवर शिसपेनीनें लिहावें. पंढरपूर, देगांव, माढें, गोपाळपूर व ब्रह्मपुरी या भागांतील घरांत असलेल्या खर्चाच्या यादी, नैवेद्याच्या वांटण्या, तंट्यांतील जबान्या यांची नुसती मोजदाद झाली तरी पुढच्या अंकांत त्यावर लिहितां येईल. प्रक्षाळपूजेच्या खर्चाची सन व नांव शाबूत असलेली एखादी याद कोणास मिळाल्यास ती आम्हांस अवश्य दाखवावी. देवाचा पलंग केव्हांपासून निघूं लागला तें त्यावरून कळण्याचा संभव आहे.